पहिलं धनुष्य: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लाकडी फळीतून साधं धनुष्य कसं घडवतात यावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. नव्या वाचकांसाठी आधी दोन शब्द: धनुष्याची जी बाजू निशाणाकडे असते ती पाठ, ओढणाऱ्याकडे असते ते पोट. मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग म्हणजे भुजा. धनुष्य ओढलं की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. पुढची सगळी चर्चा याच ताणाची आणि दाबाची आहे.

प्रश्न: ताई, मला सुतारकामाची सवय आहे, पण धनुष्य कधी केलेलं नाही. जिथे तिथे यू या झाडाच्या लाकडाचीच शिफारस वाचली. ते मला मिळणार नाही. ओक, अ‍ॅश आणि हिकरीच्या फळ्या मिळतात. कशाने सुरुवात करू?

उत्तर: या तिन्हींपैकी कशानेही करा. नाव बघू नका, फळी बघा.

यूची कीर्ती खोटी नाही. ‘मेरी रोझ’ ही इंग्लिश युद्धनौका 1545 मध्ये बुडाली आणि 1982 मध्ये समुद्रातून वर काढली गेली. तिच्यात यूची 137 अख्खी धनुष्यं मिळाली. यूच्या बाहेरच्या थरातलं फिकट लाकूड ताण उत्तम सोसतं आणि आतलं लालसर लाकूड दाब सोसतं, म्हणून या धनुष्यांत फिकट थर पाठीला ठेवलेला असतो. पण डेन्मार्कमधल्या होल्मेगार्डच्या दलदलीत 1944 मध्ये जी धनुष्यं सापडली ती यापेक्षा हजारो वर्षांनी जुनी आहेत आणि ती एल्म या झाडाच्या लाकडाची आहेत. ती घडवणाऱ्यांनी भुजा रुंद आणि चपट्या ठेवल्या. ही जाण मला फार मोलाची वाटते. लाकूड दाबाला कमी पडत असेल तर तो दाब जास्त रुंदीवर पसरवायचा. जड, घट्ट लाकडाची भुजा अरुंद चालते. हलक्या लाकडाला रुंदी द्यावी लागते.

आता फळीकडे या. फळीच्या तोंडावर लांबीच्या दिशेने बारीक रेषा दिसतात. त्या म्हणजे लाकडाचे धागे. एखादी रेषा एका टोकाला नखाने धरा आणि तिच्या मागे मागे दुसऱ्या टोकापर्यंत जा. मधेच ती फळीच्या कडेवरून बाहेर गेली तर फळी परत ठेवा. मग फळी उभी करून तिची अरुंद बाजू तशीच तपासा. ही दुसरी तपासणी नवशिके हटकून विसरतात आणि धनुष्य तिथेच तुटतं, कारण पाठीवर धागा तुटलेला असेल तर ताण आल्यावर तिथून ढलपी उचलली जाते. दोन्ही बाजूंनी रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जाणारी फळी शोधायला वेळ लागतो. तो लागू द्या. अशी ओकची फळी मला तिरप्या रेषांच्या हिकरीपेक्षा कधीही जास्त विश्वासाची वाटते. वाकण्याच्या भागात गाठ नको. प्लायवुड आणि भुसा दाबून केलेल्या फळ्या या कामाच्या नाहीत.

आकाराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण पहिल्याच धनुष्यात लोक भलत्या आकाराच्या मागे लागतात. 28 इंचांच्या ओढीसाठी, म्हणजे दोरी मुठीपासून 28 इंच मागे ओढायची असेल तर, टोकापासून टोकापर्यंत 68 इंच लांबी ठेवा. मुठीजवळ भुजा 2 इंच रुंद, टोकाशी अर्धा इंच, आणि मधे सरळ रेषेत निमुळती. जाडी सगळीकडे जवळजवळ सारखी, सुरुवातीला अर्ध्या इंचापेक्षा थोडी जास्त. मुठीच्या जागी पोटाच्या बाजूने आठेक इंचांचा लाकडी तुकडा चिकटवा आणि त्याची दोन्ही टोकं हळूहळू उतरती करून भुजेत मिसळवा. ओढताना भुजेवर सर्वांत जास्त भार मुठीजवळ येतो आणि टोकाकडे तो कमी कमी होत जातो. रुंदीही त्याच प्रमाणात कमी होत गेली की सारख्या जाडीची भुजा सगळीकडे सारखी वाकते. पहिल्या धनुष्याला याहून सोयीचा आकार मला माहीत नाही, कारण कुठे किती वाकायला हवं याचा अंदाज बांधावा लागत नाही. वाक वर्तुळाच्या कमानीसारखा दिसला की बरोबर.

प्रश्न: ताई, मी फळीचंच धनुष्य करत होतो. टोक जमिनीला टेकवून दाबून पाहिलं, छान वाकत होतं. मग दोरी चढवली आणि पूर्ण 28 इंच ओढलं. दोन वेळा कट्‌ कट्‌ आवाज आला. तिसऱ्या ओढीला मुठीपासून वीतभर अंतरावर एक भुजा तुटली. फोटो जोडतो आहे. लाकूडच खराब होतं का?

उत्तर: लाकूड चांगलं होतं. तुमचा फोटो मी मोठा करून बराच वेळ पाहिला. रेषा तिरप्या असल्या तर धनुष्य लांबलचक तिरपं फाटतं आणि टोकदार ढलप्या निघतात. तुमचं तसं झालेलं नाही. तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना पोटावर आडव्या, केसाएवढ्या सुरकुत्या दिसतात. त्या जागी लाकूड दाबाने चिरडलं गेलं होतं. म्हणजे सगळा वाक तिथेच, बिजागरीसारखा एकवटला होता आणि भुजेचा बाकीचा भाग नुसता काठीसारखा सरळ राहिला होता. आवाज आला तेव्हाच थांबून ही जागा बोटाने चाचपली असती तर सुरकुत्या हाताला लागल्या असत्या. धनुष्यातून आवाज आला की दोरी ताबडतोब सैल करायची, मग त्याचं कारण किरकोळ का निघेना.

ही पायरी, म्हणजे दोन्ही भुजा थोड्या थोड्या खरवडून सारख्या वाकत्या करणं, हिला टिलरिंग म्हणतात. धनुष्य इथे घडतं. त्याआधीची करवत आणि रंधा ही नुसती तयारी असते. म्हणून या पत्राला जरा सविस्तर उत्तर देते.

आधी हे मनात पक्कं करा: रुंदी कमी केली तर कडकपणा तेवढ्याच प्रमाणात कमी होतो, पण जाडी कमी केली तर तो घनाच्या प्रमाणात उतरतो. 12 मिलिमीटर जाडीतून फक्त 1 मिलिमीटर काढला की त्या जागेचा कडकपणा जवळजवळ 23 टक्क्यांनी जातो. म्हणून दोरी चढल्यावर रंधा आणि खरबरीत कानस बाजूला ठेवायची आणि पोलादी पट्टीने खरवडायचं. पट्टीची धार नीट असेल तर कागदासारखी पातळ साल निघते. भुसा पडायला लागला की धार गेली असं समजा.

खरवडण्याआधी पोटावरच्या त्या भागात पेन्सिलीने गिचमिड करा, शाळेतल्या वहीच्या शेवटच्या पानावर करतात तशी. मग पट्टी अशी फिरवा की सगळ्या रेघा पुसल्या जातील, त्याहून एक हातही जास्त नाही. याने दोन गोष्टी होतात. किती काढलं ते मोजता येतं, आणि सगळीकडे सारखं काढलं की नाही ते डोळ्यांना दिसतं. एका कोपऱ्यात रेघा शिल्लक राहिल्या तर हात तिरका चालला आहे. पाठीला मात्र हत्यार लावायचं नाही. तिच्या कडा पॉलिश पेपरने गोल करायच्या, कारण धारदार कडेवरून ढलपी लवकर उचलते. एवढं झालं की पाठीकडे परत जाऊ नका.

कुठे खरवडायचं हे कळण्यासाठी एक छोटं साधन करून घ्या. सहा इंच लांबीचा सपाट लाकडी ठोकळा घ्या, त्याच्या मधोमध भोक पाडा आणि त्यात पेन्सिल घट्ट बसवा. धनुष्याला दोरी चढवून ठोकळा पोटावर ठेवा. पोट आता आत वाकलेलं असतं, म्हणून ठोकळ्याची दोन टोकं टेकतात आणि मधे फट राहते. जिथे फट सर्वांत मोठी आहे तिथे पेन्सिल खाली सरकवा, पण टोक टेकता टेकता राहील इतकीच. मग ठोकळा मुठीपासून टोकापर्यंत सरकवत न्या. जिथे पेन्सिलीची खूण उमटेल तिथे भुजा कमी वाकते आहे. तिथेच खरवडायचं. जिथे खूण उमटत नाही ती जागा आधीच पुरेशी वाकते, तिला हात लावायचा नाही. तुमच्या धनुष्यावर हे साधन फिरवलं असतं तर वीतभर अंतरावरची ती जागा कोरी राहिली असती आणि पुढची सगळी भुजा काळी झाली असती.

कमकुवत जागा दिसली की शिकणाऱ्याचा हात नेमका तिकडेच जातो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांच्या बाबतीत हे मी सतत पाहते. बिजागरी दुरुस्त करायची म्हणजे ती सोडून बाकी सगळं खरवडायचं. मी अशा जागेवर पेन्सिलीने मोठी फुली काढून ठेवायला लावते.

दुसरा नियम ओढीच्या वजनाचा, म्हणजे दोरी ओढायला लागणाऱ्या जोराचा. तो पौंडांत मोजतात. तुम्हाला 28 इंचांवर 35 पौंडांचं धनुष्य हवं असेल तर टिलरिंगच्या कुठल्याही टप्प्यावर त्याला 35 पौंडांपेक्षा जास्त ओढायचं नाही. दोरीला लटकवायचा वजनकाटा लावा. सुरुवातीला 35 पौंड 15 इंचांवरच भरतील. तिथेच थांबा. दोन्ही भुजांचा वाक पाहा, जिथे कडक आहे तिथे खरवडा, आणि तेवढ्याच अंतरापर्यंत तीसेक वेळा हलकेच ओढून सोडा. पूर्ण सोडून द्यायचं नाही, हात दोरीबरोबरच परत न्यायचा. लाकडातून काढलेल्या जाडीचा परिणाम लगेच दिसत नाही. या ओढींनंतर तो दिसतो. मग परत काटा लावा. आता 35 पौंड 16 इंचांवर भरतील. असं इंच इंच पुढे जायचं. तुम्ही एकदम 28 इंच ओढलंत तेव्हा त्या अर्धवट भुजेवर नक्की किती पौंड आले असतील ते तुम्हालाही सांगता येणार नाही.

एक इंच राहिला की खरवडणं थांबवा. पॉलिश पेपरचे हात आणि पहिले शंभरेक बाण तेवढं वजन स्वतःच खाली आणतात.

दूर उभं राहून पाहणंही तितकंच गरजेचं आहे. धनुष्य मुठीच्या जागी अडकवून भिंतीला लावा, दोरी कप्पीवरून खाली घ्या आणि चार पावलं मागे जाऊन ओढा. भिंतीवर आडव्या सरळ रेघा मारून ठेवल्या तर कोणतं टोक कमी खाली आलं ते लगेच कळतं. विचार करायला वेळ हवा असेल तर आधी दोरी सैल सोडा. ताणलेल्या अवस्थेत धनुष्य अडकवून ठेवून विचार करत बसलात तर तेवढ्या वेळात भुजांना कायमचा बाक येतो.

प्रश्न: माझं धनुष्य तुटलं नाही, पण दोरी उतरवल्यावरही ते पोटाकडे तीन इंच वाकलेलंच राहतं. बाण अगदी मलूल जातो. काय चुकलं?

उत्तर: थोडा बाक प्रत्येक लाकडी धनुष्याला येतो. दीड इंचापर्यंत मी त्याची काळजी करत नाही. तीन इंच जास्त आहे, आणि बहुतेक वेळा लाकूड ओलं असताना काम केलेलं असतं. ओलसर लाकूड तुटत नाही, पण दाबाने बसतं आणि परत येत नाही. उलट फार कोरडं लाकूड ताणाने तुटतं. साधारण 8 ते 10 टक्के ओलावा धनुष्याला मानवतो.

त्यासाठी महाग यंत्र लागत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर धनुष्याचं वजन करा आणि पेन्सिलीने मुठीवर लिहून ठेवा. काही दिवसांनी परत करा. वजन उतरतं आहे तोवर लाकूड सुकतं आहे. ते स्थिर झालं की हवेशी त्याचं जमलं. तोवर ते ओढायचं नाही.

बाक नेमका कुठे आहे तेही पाहा. भुजेच्या पोटावर सरळ पट्टी ठेवून प्रकाशाकडे धरा. मुठीजवळच्या थोड्याच भागात फट असेल तर तिथे भुजा जास्त वाकत होती, म्हणजे टिलरिंगची गोष्ट. सगळ्या लांबीत सारखी फट असेल तर ओलावा किंवा कमी रुंदी हे कारण. मुठीजवळचा बाक सर्वांत जास्त नडतो, कारण तिथे थोडासा कोन बदलला तरी टोक बरंच पुढे येतं. या धनुष्याची लांबी दोन्हीकडून इंचभर कमी करून त्याचा जोर थोडा वाढवता येईल, पण मी तो खटाटोप सांगणार नाही. हे जसं आहे तसं वापरा आणि दुसरी फळी सुकायला ठेवा.

प्रश्न: ताई, वादळात पडलेल्या एल्मचा सरळ बुंधा मिळाला आहे. त्याचं धनुष्य होईल का? घाई नाही.

उत्तर: घाई नाही हे वाक्य वाचून फार बरं वाटलं. बुंधा करवतीने चिरू नका, पाचरी ठोकून फाडा. फाडलेलं लाकूड स्वतःच्या धाग्यांच्या मागे जातं, म्हणून फळीत जी तपासणी करावी लागते ती इथे आपोआप होते. फाडल्यावर दोन्ही टोकांना लगेच, त्याच दिवशी, गोंदाचा किंवा रंगाचा जाड थर द्या. पाणी टोकांतून सर्वांत वेगाने जातं आणि तिथूनच भेगा सुरू होतात. एल्मची साल काढलीत तर सालीखालचा पृष्ठभाग हीच धनुष्याची पाठ होते, तिला खरवडायची गरज नसते. पण साल काढल्याबरोबर तीही गोंदाने झाका.

अख्खी फाक सुकायला वर्षभर सहज लागतं. धनुष्याच्या ढोबळ आकारात आणून ठेवलीत तर खूप लवकर सुकते. ढोबळ म्हणजे अजिबात न वाकणारी, सगळीकडे जास्तीचं लाकूड असलेली. आल्प्समध्ये 1991 साली बर्फात जो पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, ओत्झी, त्याच्याजवळचं यूचं धनुष्य असंच अपुरं होतं. 1.82 मीटर लांब, आणि हत्याराच्या खुणा अजून अंगावर. ते पाहिल्यावर मला माझ्या कोपऱ्यातल्या ढोबळ फाकांबद्दल जास्तच माया वाटू लागली.

प्रश्न: माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याला स्वतःच्या हाताने धनुष्य करायचं आहे. करू द्यावं का? आणि दोरी कशाची वापरायची?

उत्तर: जरूर करू द्या, पण तुम्ही शेजारी बसा. त्याच्यासाठी 15 ते 20 पौंडांची ओढ पुरे. त्याची ओढीची लांबी मोजा, हात अजून लहान आहे. लांबी मात्र पाच फुटांपेक्षा कमी करू नका. लांब धनुष्यावर लाकडाला कमी कष्ट पडतात आणि शिकणाऱ्याच्या चुका ते पोटात घेतं. करवतीचं काम तुम्ही करा. कानस, पट्टी आणि पेन्सिलची गिचमिड त्याची. मुलं ती फार मन लावून करतात आणि पुष्कळदा मोठ्यांपेक्षा समान खरवडतात. लाकूड शिकंजात घट्ट धरलेलं हवं, मांडीवर नाही. भुसा उडत असेल तर नाकाला फडकं आणि डोळ्यांना चष्मा, दोघांनाही. यूचं लाकूड मुलाच्या हातात देऊ नका, ते झाड विषारी आहे.

दोन गोष्टी त्याच्याकडून पहिल्याच दिवशी कबूल करून घ्या. बाण लावल्याशिवाय धनुष्य ओढून सोडायचं नाही. बाण घेऊन जाणारा सगळा जोर मग भुजांतच राहतो आणि त्या फुटतात. आणि बाण कधीही सरळ वर सोडायचा नाही.

दोरी डॅक्रॉन या पॉलिएस्टर धाग्याची वापरा. ती किंचित ताणते, म्हणून लाकडी टोकांना झटका कमी बसतो. दोरी अडकवायला टोकांवर ज्या साध्या खाचा केलेल्या असतात त्या हल्लीचे न ताणणारे धागे कापून काढतात. खाच गोल कानशीने करा, तिच्यात कुठेही धार राहू देऊ नका. दोरी चढवल्यावर मुठीपासून तिचं अंतर साडेपाच ते सहा इंच असू द्या. नेमबाजी संपली की दोरी उतरवायची आणि धनुष्य दोन खुंट्यांवर आडवं ठेवायचं. भिंतीला टेकवून उभं ठेवलं किंवा उन्हात तापलेल्या गाडीत विसरलं तर भुजा वाकड्या होतात.